वारा नव्हता

सोमवारी सकाळी ओढ्याकडच्या फडात भिकूच्या बंदुकीचा बार झाला. तो तुला लागला. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, पण गाडी बांधापर्यंत येण्याआधी तू गेला होतास.

संपत, दिवसकार्य उरकून मी सांगलीला परत आले आहे. काल नववीच्या वर्गात पडसादाचा धडा होता. फळ्यावर मी डोंगर काढला, डोंगराकडे जाणारा बाण काढला, आणि परत येणारा बाण काढायला हात उचलेना. मुलींनी माना खाली घातल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. मी त्यांना धडा मनात वाचायला सांगून खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि तिथं तुझ्याशी बोलू लागले. ते बोलणं थांबत नाही, म्हणून लिहिते आहे. तुला वाचायचा कंटाळा. मी वाचायचं आणि तू ऐकायचंस, ही आपली जुनी रीत. तेव्हा ऐक.

तुझी परीक्षा होती ती सुट्टी मला पुन्हा पुन्हा आठवते. फौजेत तुला रडारवर घेतलं होतं आणि परीक्षेचं इंग्रजी तुला जड जात होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून रेडिओवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. ओसरीवर बसून मी एकेक वाक्य वाचायची, ते मराठीत सांगायची, आणि तू शेंगा फोडत ऐकायचास. रडार लहर सोडतं, ती आदळून परत येते, इथवर सोपं होतं. अडचण पुढं होती. लहर विमानावरून परत येते तशी डोंगरावरून येते, झाडावरून येते, पाण्याच्या टाकीवरून येते. सगळा पडदा पांढरा होतो. त्या पांढऱ्यात विमानाचा ठिपका शोधायचा कसा?

पुस्तकानं दिलेलं उत्तर मला फार आवडलं होतं. लहर एकदा सोडून थांबायचं नाही, लागोपाठ सोडत राहायचं. डोंगराचा पडसाद पहिल्या वेळी जसा आला तसाच दुसऱ्या वेळी येतो. विमानाचा तसा येत नाही, कारण तेवढ्या वेळात ते सरकलेलं असतं. मग आधीचा पडसाद धरून ठेवायचा आणि नव्यातून वजा करायचा. डोंगरातून डोंगर गेला की शून्य. झाडातून झाड गेलं की शून्य. जे हललं तेवढंच पडद्यावर उरतं.

"आगं मग त्यात नवल काय?" तू म्हणालास. "आपल्या आयला हे कवाचंच येतंय."

आई चुलीपुढून म्हणाली, "काय येतंय रं मला?"

"रडार! पोरगं घरात गप बसलं तर तुला दिसत न्हाई. गुळाच्या ढेपंकडं सरकलं की लगीच दिसतंय."

"गूळ खाऊन खाऊन दात किडलं, आन् मला नावं ठिवतूस व्हय रं, मुडद्या!"

तो शब्द आई दिवसातून दहादा उच्चारायची. आता तो घरात कुणी उच्चारत नाही.

त्याच दिवशी आपला वाद सुरू झाला. मी म्हणाले, वजा केला म्हणून डोंगर जातो का? विमान फुटतं ते डोंगरावरच आपटून. जी गोष्ट आपण पडद्यावरून पुसतो, ती जागची हललेली नसते. तू हसलास. "डोंगर कुटं जातूय, अक्का? त्यो हितंच हाय, समद्यांस्नी ठावं हाय. मारणारं जे असतंय ते हलतंय. हलतंय तेवढंच बगायचं." मी म्हणाले, मास्तरीण मी होणार आहे, तू नव्हे. तू माझ्या अंगावर शेंगांची टरफलं फेकलीस. परीक्षा तू पास झालास. वाद तसाच राहिला.

मी मास्तरीण झाले तीही तुझ्यामुळे. मला सांगलीला शिकायला ठेवायला घरात कुणी राजी नव्हतं. भरतीला जायच्या दिवशी तू नानांना सांगितलंस, "अक्काला शिकवा, न्हाईतर मी तिकडनं परत येनार न्हाई." नाना बापच ते, त्यांनी ते खरं मानलं. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तूही कधी काढलं नाहीस. आपल्या घरात असल्या गोष्टी बोलायची चाल नव्हती.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. तिथं काय घडलं ते तू मला एकदाच सांगितलंस, तेही मी न विचारता, गोठ्यात वैरण टाकता टाकता. तू पडद्यापाशी होतास. संध्याकाळची वेळ होती. एक ठिपका येताना दिसला आणि मध्येच नाहीसा झाला. तुम्हाला वाटलं, परत फिरलं. ते फिरलं नव्हतं. ते तुमच्याकडं येत नव्हतं आणि तुमच्यापासून लांबही जात नव्हतं, तुमच्याभोवती वळसा घेत चाललं होतं. अंतर बदलत नव्हतं, म्हणून पडसाद बदलत नव्हता, म्हणून यंत्रानं त्याला डोंगर समजून वजा केलं. मग ते एकदम वळलं आणि सरळ अंगावर आलं. दुसऱ्या तंबूत पाटणकडचा तुझा सोबती चहा करत होता. बॉम्ब पडल्यावर तू धावत गेलास तर चहाचं पातेलं शाबूत होतं, उकळत होतं. त्याच्या शेजारी सोबत्याचा कमरेखालचा भाग होता. वरचा भाग तुम्ही बॅटरी घेऊन शोधलात. एक हात काटेरी तारेला लटकला होता आणि तो वाऱ्यानं हलत होता, म्हणून सापडला.

"हलत व्हता म्हनून घावला," एवढं बोलून तू वैरणीची पेंढी सोडायला लागलास. तुझ्या बोटांना गाठ सुटेना. मी सोडून दिली.

तू फौजेतून परत आलास तो दुसराच माणूस होऊन आलास, असं गाव म्हणतं. मला तसं वाटत नाही. तू तोच होतास, फक्त तुझा हात तुझ्याआधी उठायचा. ताटलीचा आवाज झाला म्हणून तू आपल्या धाकट्या तानाजीच्या कानशिलात मारलीस आणि मग त्याच्याकडं असं पाहत राहिलास, जणू दुसऱ्याच कुणी मारली होती. त्यानं ते कधी मनात ठेवलं नाही. तुझ्यावर त्याचा इतका जीव होता की तुझा मारही तो मिरवायचा.

भिकूशी भांडण तू परतलास त्याच उन्हाळ्यात झालं. चुलत्याचा पोरगा, लहानपणी आपल्याच ताटात जेवलेला. त्यानं नांगरताना बांध कोरला आणि खुणेचा दगड तुझ्या बाजूला सरकवला. तू विचारायला गेलास आणि विचारण्याआधीच खोरं उचललंस. त्याच्या तोंडावर बसलं. दात पडले, ओठ नाकापर्यंत फाटला. खाली पडलेला असताना त्यानं कोयता फिरवला आणि तुझ्या पोटरीचं मांस उघडं केलं. मी उन्हाळी सुट्टीत घरी होते. दोघांना वेगळं करताना माझ्या लुगड्यावर दोघांचंही रक्त उडालं, आणि धुताना कुणाचं कुठलं ते मला ओळखता आलं नाही. आईनं तुझ्या जखमेत हळद भरली. भिकूला त्याच्या घरच्यांनी उचलून नेलं. दगड पंचांनी मूळ जागी आणून ठेवला.

त्यानंतर भिकू रोज बांधावर बाभळीखाली बसू लागला. डुकरांपासून पीक राखायला म्हणून त्याच्याकडं ठासणीची बंदूक होती, तिचा परवाना होता. तो मांडीवर बंदूक घेऊन बसायचा आणि तुझ्या रानाकडं बघायचा. सकाळी बघावं तर तिथं, दुपारी तिथं. मी तुला म्हणाले, "त्याच्याकडं ध्यान ठेव." तू म्हणालास, "त्यो डोंगर हाय, अक्का. वजा कर."

"आणि डोंगर सरकला तर?"

"सरकला की दिसंल की! त्यासाटीच तर मशीन असतीया."

हा आपला जुनाच वाद होता, फक्त आता बांध आणि बंदूक त्यात आली होती.

दिवाळीच्या सुमारास ऊस डोक्याच्या वर गेला होता. वारा सुटला की सगळा फड हलायचा. भिकूनं त्या हलण्यावर बार टाकला आणि स्वतःचं कुत्रं मारलं. कुत्रं आतड्यांसह रांगत उसाबाहेर आलं आणि त्याच्या पायाशी येऊन मेलं. तू आपल्या बाजूनं हे पाहिलंस. भांडणानंतर प्रथमच तू बांध ओलांडलास. मी मागून आले, कारण मला भीती वाटली. पण तू त्याच्याजवळ उकिडवा बसलास आणि उसाकडं बोट केलंस.

"वाऱ्यानं शेंडा हलला तर जातूय आन् परत जाग्यावर येतूय. जनावराचं तसं नसतंय, गड्या. एक शेंडा हलतूय, मग फुडचा, मग त्येच्या फुडचा. रेघ वडल्यागत. वाऱ्याचं सोडून द्यायचं. रेघ बगायची."

भिकू फाटक्या ओठातून म्हणाला, "वाराच नसला तर?"

"मग काय, लय सोपं. हलंल ते जनावर."

तो मान हलवत राहिला. तू उठून कुत्र्याला पुरायला त्याला हात लावलास. मी बांधावर उभी राहून पाहत होते आणि मला वाटलं, मिटलं. संपत, त्या दिवशी तू जे केलंस ते मला अजून चांगलंच वाटतं. त्याचं पुढं जे झालं त्यामुळे ते वाईट ठरत नाही.

तोडणी सुरू झाली, म्हणून मी रजा काढून घरी आले. ओढ्याकडच्या फडात तोडकऱ्यांनी चारी बाजूंनी ऊस पाडत आणला आणि शेवटचा चौकोन उभा राहिला. डुकरं त्यातच होती. रात्री आत गेलेल्यांचे माग होते, बाहेर आल्याचे नव्हते. आपल्या गावची रीत तुला माहीत होती, तशी ती सगळ्यांना माहीत आहे. हाकारायला जो आत शिरतो त्यानं ओरडत राहायचं. "मी आत हाय रं! मी आत हाय!" हे थांबता कामा नये, म्हणजे बंदूकवाल्याला माणूस कुठं ते कळतं. जो मुका शिरेल, त्याचं काय होईल ते त्याच्या माथी. आपल्या आजोबांच्याही आधीपासूनची ही रीत आहे, आणि लहानपणी ती तूच मला सांगितली होतीस, उसात लपायचा खेळ खेळताना.

पण तुला ती पटत नव्हती. "वरडलं की डुक्कर बसतंय. बसलं की दिसत न्हाई. मग वरडायचं कशाला?" असं तू आदल्या दिवशीच जेवताना म्हणाला होतास. आई म्हणाली, "समदं गाव येडं आन् तू एकला शाना व्हय?" तू भाकरी मोडत म्हणालास, "व्हय." आम्ही हसलो.

मी तोडकऱ्यांसाठी न्याहारी घेऊन आले होते. डोक्यावरची पाटी उतरवून बांधावर उभी होते. तानाजी पलीकडच्या कोपऱ्यावर कुऱ्हाड घेऊन. भिकू बंदूक घेऊन बाभळीखाली. वारा नव्हता. धुराची रेघ गुऱ्हाळावरून सरळ वर जात होती, ते मी पाहिलं. तू काठी घेऊन उसात शिरलास आणि एकही शब्द बोलला नाहीस. थोडं आत जाऊन तू थांबलास. सगळा चौकोन भिंतीसारखा उभा राहिला. मला कळलं की तू ऐकतो आहेस. मग एक शेंडा हलला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा.

मी हाक मारणार होते की नाही, हे मला आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं. माझ्या आधी बार झाला.

तुला बाहेर ओढून आणलं तेव्हा छर्रे गळ्याखाली बसले होते. तू बोलायला गेलास आणि शब्दाऐवजी तोंडातून रक्ताचा फुगा आला. तो फुटला. मी पदर दाबून धरला, तो भरला, मग हात दाबून धरले. बोटांमधून ऊन रक्त येत राहिलं. तुझे पाय पाचटावर झाडत होते. मग ते झाडायचे थांबले. आणि त्याच वेळी उसाच्या दुसऱ्या बाजूनं डुकरीण बाहेर आली, मागं पिलं. ती सगळ्यांच्या समोरून चालत ओढ्याकडं गेली. इतका वेळ ती आत नुसती उभी होती. कुणी दगडसुद्धा मारला नाही.

मी खूप विचार केला आहे, संपत. तू इतकी वर्षं पडद्यापाशी बसलेला माणूस. ठिपके दुसरे असायचे. वजाबाकी करणारा तू. उसात शिरलास तेव्हा आता आपणच ठिपका झालो आहोत, हे तुझ्या मनात आलं नाही. ओरडणं हे डुकरासाठी नव्हतंच. ते माणसासाठी होतं.

तानाजी कुऱ्हाड घेऊन भिकूकडं धावला. भिकू होता तिथंच बसून होता. मांडीवर बंदूक, नळीतून धूर. तो उठला नाही, हात वर केला नाही, तोंड वळवलं नाही. त्याच्या खांद्यावर पहिला घाव कुऱ्हाडीच्या तुंब्याचा, मागच्या बोथट बाजूचा, बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला एवढ्या लांबवर आला. तानाजीनं कुऱ्हाड फिरवली आणि पात्याची बाजू वर धरली. भिकू तेव्हा जरासा जरी हलला असता तर त्याचं डोकं राहिलं नसतं. मी तुला तिथंच टाकून त्यांच्याकडं धावले. तुझं डोकं माझ्या मांडीवरून पाचटावर आपटलं, ते मला रोज ऐकू येतं. मी ओरडले, "तान्या, त्यो वरडला न्हवता! संपत वरडला न्हवता!"

कुऱ्हाड वरच राहिली. तानाजी म्हणाला, "वरडला. म्या ऐकलं."

"न्हाई. मी जवळ हुते. आन् तूबी ऐकलं न्हाईस."

त्यानं कुऱ्हाड खाली घेतली. ती रीत त्यालाही पाठ होती. तो तसाच खाली बसला आणि बाभळीच्या बुंध्यावर कपाळ आपटू लागला. साल निघेपर्यंत आपटलं. मी त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

भिकू इतकंच म्हणाला, "मला डुक्कर वाटलं, अक्का. वारा न्हवता." मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं काही हललं नाही.

फौजदार आला. भावकीतली माणसं मला आधीच घरात घेऊन बसली होती. म्हणाली, एवढंच सांग की संपत ओरडत होता. आई म्हणाली, "सांग. तुज्या भावासाटी सांग." सगळ्यांनी उन्हाळ्यातलं भांडण धरलं होतं, सरकवलेला दगड, पडलेले दात, बाभळीखाली बसणं. तो सगळा डोंगर मलाही दिसत होता. पण मी तुझ्यासारखं केलं. डोंगर वजा केला आणि त्या सकाळी काय हललं तेवढंच सांगितलं. तू न ओरडता शिरलास. शेंडे रेघेनं हलले. बार झाला. फौजदारानं विचारलं, "बाई, नक्की?" मी म्हणाले, नक्की.

आई उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "तू कुनाची गं? सांग की, कुनाची?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

आणि आता तुझ्याशी बोलायचं ते हे आहे. वाद मी हरले असं समजू नकोस. मी तुझ्या बाजूनं उभी राहिले आणि तिथं उभी राहिल्यावर माझीच बाजू मला दिसते आहे. तुझ्या यंत्रानं त्या विमानालाही वजा केलं होतं. ते हलत होतं, पण अंतर न बदलता. भिकूच्या मनात त्या क्षणी काय चाललं होतं? रेघ डुकराची नसेल असं त्याला क्षणभर तरी वाटलं का, आणि तरी त्यानं चाप ओढला का? आमच्याकडं न येणारं, आमच्यापासून लांब न जाणारं असं काही त्याच्या मनात फिरत होतं का? खांदा कसा मोडला असं फौजदारानं विचारलं तर भिकू म्हणाला, बैलानं ढकललं. तानाजीचं नाव त्यानं घेतलं नाही. हा त्याचा चांगुलपणा की आपलं ओझं हलकं करणं, मला कळत नाही. मला ते पडद्यावर दिसत नाही. तू असतास तर मी तुला विचारलं असतं आणि तू टरफलं फेकली असतीस.

मी खोटं बोलले असते तर तानाजीला थांबवायला काही उरलं नसतं, हे मला माहीत आहे. आणि मी खरं बोलले तेही फक्त जेवढं दिसलं तेवढंच, हेही माहीत आहे. दोन्ही गोष्टी घेऊन मी रोज शाळेत जाते.

तानाजी ओढ्याकडच्या फडातला नव्यानं फुटलेला खोडवा राखतो आहे. निघताना तो मला एसटीपर्यंत सोडायला आला, पिशवी त्यानंच धरली. भिकू जामिनावर सुटून आला आहे आणि हात गळ्यात बांधून बाभळीखाली बसतो. बंदूक ठाण्यात जमा आहे. कुऱ्हाड मी इथं आणली, ती माझ्या खाटेखाली आहे. आई बोलत नाही. वारा नव्हता, आणि तू ओरडला नव्हतास.